परतीचा बाण

कडब्याच्या गाड्या अक्कलकोट रोडनं जायला लागल्या की मी दोरीवरचे कपडे दुपारीच काढून घेते. गाडीमागं उडणारं कूस ओल्या कापडाला चिकटतं आणि मग अंग पुसणाऱ्याला दिवसभर टोचत राहतं. माझ्या वहीत ‘सुगी’ असं एक पान आहे, त्यावरचं हे पहिलं काम. पुढं वर्षाची ज्वारी भरणं, डब्यात कडुनिंबाचा पाला घालणं, मागच्या दाराची जाळी बघणं, कारण ज्वारी निघाली की रानातले उंदीर वस्तीकडं येतात. सात-आठ कामं, दरवर्षी तीच. म्हणून पान नवं करत नाही. झालेल्या कामापुढं पेन्सिलीनं खूण करते आणि पुढच्या वर्षी ती पुसते. सगळ्यात खाली एक ओळ आहे : ‘मोहनची वाट पुन्हा नोंदवणे.’ तिच्यापुढं तीन वर्षं खूण नाही. ओळ खोडलेलीही नाही. काम रद्द झालं असं कुणीतरी ठरवल्याशिवाय खोडता येत नाही, आणि आमच्या घरात ठरवणारी मीच आहे.

मोहन माझा धाकटा भाऊ. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. मी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात माल पाठवण्याचं काम बघते. किती गाठी, कुठल्या रंगाच्या, कुठल्या गाडीत. मोहन त्याच कारखान्यात जॉबर होता. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. चोवीस माग एकदम खडखडत असताना तो दारातून आत यायचा, क्षणभर थांबायचा आणि सरळ चालत जाऊन एका मागावर हात ठेवायचा. तोच माग बिघडलेला असायचा. सूत घेऊन मागात इकडून तिकडं पळणारा धोटा अडखळतोय हे त्याला कानानं कळायचं. मी लग्न केलं नाही आणि त्यानंही केलं नाही. मला सवड झाली नाही. त्याचं कारण वेगळं होतं.

ते कारण म्हणजे आमचे अण्णा. पन्नाशीच्या आसपास त्यांना कडेनं दिसेनासं झालं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार, बापाकडून मुलांकडं येऊ शकणारा. आधी अंधारात चाचपडणं, मग दाराच्या चौकटीला खांदे आपटणं, मग शेजारी उभं असलेलं माणूस न दिसणं. नजर कडांकडून आत आत मिटत जाते. शेवटी शेवटी अण्णा खोलीतून मोरीकडं जाताना उजवा हात भिंतीला लावून जायचे. एवढंसं तर घर, तीन खोल्यांचं. पण त्या भिंतीवर कमरेच्या थोडी वर, हाताच्या तेलानं आणि घामानं, एक काळपट रेघ उमटली होती. अण्णा गेल्यावर मी घर रंगवून घेतलं. रंगाऱ्याला म्हटलं, इथं दोन हात मारा. दोन हातांनी रेघ गेली नाही, तिसरा मारावा लागला.

मोहनला हा आजार आहे हे आम्हाला त्याच्या तिशीतच कळलं होतं. त्यावर त्यानं काय करावं? डोंगरावर चालवायची सायकल घेतली. जाड चाकांची, पुढच्या चिमट्याला स्प्रिंगा असलेली. कारखान्यात हशा पिकला. नरसय्या नावाचा एक जुना विणकर होता, तो म्हणाला, “बाळा, आपल्याकडं माउंटन कुठंय? कडब्याची गंजी तेवढी उंच. तिच्यावर चढवणार काय?”

मोहन म्हणाला, “चढवीन की. तुम्ही खालून ढकला.”

माउंटन नव्हतं, पण माळ होता. एमआयडीसीची शेवटची शेड जिथं संपते तिच्यामागून माळरान सुरू होतं. मुरमाचे चढउतार, सोडून दिलेल्या खाणी, एक पाझर तलाव, मधूनमधून काळ्या रानाचे तुकडे आणि त्यांत ज्वारी. दर रविवारी सकाळी तो तिकडं जायचा आणि गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरा होऊन परत यायचा. चहा पिताना काही सांगायचा नाही. पण त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खायचा. मी रविवारी पीठ जास्त मळायचे, म्हणून मला ते माहीत आहे.

मी सांगतेय ती सुगी तीन वर्षांपूर्वीची. दिवाळी झाल्यावर तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक गोल काढला आणि त्यात मधोमध एक ठिपका काढला. म्हणाल्या, आता एवढं उरलंय. पुढच्या वर्षी सायकल नको. रिक्षातून येताना मोहननं तो कागद घडी करून खिशात घातला. अशोक चौक ओलांडल्यावर म्हणाला, “ताई, एवढी सुगी चालवू दे. आणि एक फेरी एकट्यानं.”

“एकट्यानं कशाला?”

“दोघांत गेलं की तू बघतीयस असं वाटतं. मला मी बघायचंय.”

कुणी असं काही बोललं की मला आधी वस्तूचं नाव सुचतं. माझा स्वभावच तो. मी म्हटलं, “घड्याळ घेऊ. जीपीएसवालं.”

पुढचे पंधरा दिवस मी फार सुखात होते. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. मी तक्ता केला. आडव्या ओळीत घड्याळं, उभ्या ओळीत गरजा. मोबाइल सायकलच्या दांड्याला लावून चालत नव्हता. खडबडीत वाटेवर त्याचं चित्र हलायचं आणि उन्हात काच काळी दिसायची. तेव्हा पहिली गरज, उन्हात दिसणारा पडदा. दुसरी, बोटानं सरकवायचा नको, बटणं हवीत. घामेजलेल्या बोटाला पडदा ऐकत नाही. तिसरी, वाट आधी भरून ठेवता यायला हवी. चौथी, निघालो त्या जागी, घरी, परत नेणारा बाण. पाचवी, चार्जिंग. सहावी, पडला तर माझ्या मोबाइलवर निरोप. सातवी आणि सगळ्यात मोठी, वळण आलं की मनगटावर थरथर. कारण मोहनची अडचण वेगळी होती. त्याला आकडे दिसत होते, अगदी बारीकही. पण नजरेच्या नळीत एका वेळी एकच गोष्ट मावायची. घड्याळाकडं बघितलं की वाट जायची, आणि वाट पुन्हा सापडेपर्यंत सायकल चार हात पुढं गेलेली असायची.

दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदार चांगला होता, पण त्याला भलत्याच गोष्टी दाखवायच्या होत्या.

“मॅडम, ह्यात झोप मोजता येते.”

“झोप मी मोजते त्याची. पुढं सांगा.”

“समुद्रात पन्नास मीटर खाली चालतं.”

मोहन म्हणाला, “वा. सोलापुरात नळाला चार दिवसांनी पाणी येतंय, आणि हे पन्नास मीटर खाली चालतंय.”

दुकानदार हसला. मग त्यानं विचारलं, “सर, कुठल्या डोंगरावर जाता?”

“एमआयडीसीच्या मागं.”

तो पुन्हा हसला. विनोदच समजला तो. मी तक्ता पुढं केला आणि विचारलं, “उजवीकडं वळायचं असेल तर एक थरथर आणि डावीकडं असेल तर दुसरी, असं कुठल्यात आहे?” त्यानं तीन घड्याळं मनगटावर चढवून बघितली. कशातच नव्हतं. सगळ्यांत थरथर एकच. वळायचं असलं तरी तीच, वाट चुकली असली तरी तीच. कुठं वळायचं ते पडद्यावर बघा.

बघायचंच नव्हतं ना.

घरी येऊन मी दोन दिवस त्यावर विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी मला सुचलं. आपण फेरीच अशी आखू की सगळी वळणं डावीकडं. घरातून निघून डावीकडून माळाला वळसा घालून पुन्हा घरी. मग थरथरलं की डावीकडं वळायचं, बस. बघायची गरजच नाही. मोहन भाकरी खाता खाता थांबला आणि म्हणाला, “ताई, तू जॉबर व्हायला पाहिजे होतीस.” इतकं कौतुक मला नोकरीत कधी मिळालं नव्हतं. वहीत मी सातव्या गरजेपुढं दोनदा खूण केली.

घड्याळ आलं तेव्हा कळलं की त्याच्या नकाशात आमचा माळ नाही. मोठा रस्ता होता, रेल्वे होती, पाझर तलावाचा निळा ठिपका होता. बाकी सगळं कोरं. वाट आपणच चालून भरायची होती. मी सायकल आधी चालवायची ती कारखान्यापर्यंत, डांबरावरून. आता एका मैत्रिणीची जाड चाकांची जुनी सायकल आणली, मोहनचं घड्याळ माझ्या हाताला बांधलं आणि माळावर वाट नोंदवायला निघाले. पन्नाशीला टेकलेली बाई मुरमावरून सायकल हाकतीय हे बघून शेळ्यासुद्धा चरायच्या थांबल्या.

तिथंच मायाप्पा भेटले. सांगोल्याकडचे मेंढपाळ, साठीच्या पुढचे. घोंगडं, काठी आणि दीड-दोनशे मेंढरं. त्यांची मेंढरं ज्या वाटेनं जायची तीच माळावरची सगळ्यात सपाट वाट होती, खुरांनी कुटून कुटून घट्ट झालेली. मी त्या वाटेनं चालले होते.

“कुटं निगालासा, बाई?”

मी घड्याळ दाखवलं. म्हटलं, “ही वाट ह्यात भरून ठेवतेय. पुन्हा सापडावी म्हणून.”

त्यांनी घड्याळाकडं बघितलं, वाटेकडं बघितलं, मग माझ्याकडं. “वाट काय हितंच ऱ्हाती व्हय? मेंढरं जातील ती वाट. रान मोकळं तर हितनं, रान पेरलं तर तितनं.”

मी हसले आणि नोंदवत राहिले. त्यांचं बोलणं मला छान वाटलं, खरं वाटलं नाही.

आणि मी एक अट घातली. माझ्याशिवाय ती अट कुणाला सुचलीच नसती. मोहननं माझ्याबरोबर तीन फेऱ्या न चुकता कराव्यात, मी मागून बघेन, एकदाही तोंड उघडणार नाही. तिसरी झाली की चौथी एकट्यानं. वहीत लिहून त्याच्यासमोर धरलं. तो म्हणाला, “सही कुठं करू?” आणि खरंच सही केली.

पहिली फेरी, दुसरी फेरी. त्या दोन रविवारांइतकं नीट काही माझ्या आयुष्यात झालं नाही. सकाळची थंडी, श्वासाची वाफ, तलावाच्या भरावावर ओल्या गवताचा वास. मोहन पुढं, मी शंभर पावलं मागं. लिंबाच्या झाडापाशी त्याचं मनगट थरथरायचं, ते मला दिसायचं नाही; पण त्याचा डावा खांदा किंचित खाली जायचा आणि सायकल वळायची, अचूक, न बघता. नऊ वळणं होती. मी मनात एकेक मोजायचे. घरी आल्यावर तो चार भाकऱ्या खायचा.

आज विचार करते, दुसऱ्या फेरीनंतरच मी म्हटलं असतं, जा एकटा, तर? तिसरी कशाला हवी होती? तीन हा आकडा मी कुठून आणला? कारखान्यात नवा माल पाठवताना आम्ही तीनदा मोजतो, तिथूनच आणला असणार. माणसाला मालासारखं मोजलं आणि त्यात एक रविवार गेला.

मध्ये कारखान्यात जास्तीच्या पाळ्या लागल्या, मला सर्दी झाली, तिसरी फेरी संक्रांतीवर गेली. लिंबापासून पुढं मोहननं चौथं वळण घेतलं आणि करकचून ब्रेक मारला. समोर ज्वारी होती. कार्तिकात गुडघ्याएवढी होती, कडेनं मेंढरांची वाट मोकळी होती. आता डोक्याच्या वर गेलेली, कणसं भरून वाकलेली, दोन्हीकडची धाटं एकमेकांवर रेललेली. घड्याळ म्हणत होतं, सरळ. आत कुठंतरी आमची वाट होतीच, बुडालेली.

मोहननं सायकल चार पावलं आत घातली. पिकातल्या उंच माळ्यावर उभी राहून पाखरं राखणारी एक बाई ओरडली, “ओ घड्याळवाले! पिकात कुटं शिरताय? डोळं फुटलं काय?”

तिला काय माहीत. मोहन थांबला, वर मान केली, तिला नळीत शोधलं आणि म्हणाला, “फुटायच्या वाटेवर आहेत, मावशी.”

बाई खाली उतरली. गोफण कमरेला खोचली. आमच्याकडं बघून तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं धगधगत्या आगटीत कणसं टाकली. हुरडा हातावर चोळताना ती मोहनच्या तळहाताकडं बघत होती. दाणे त्याच्या तळहातावर पडले, दोन जमिनीवर पडले, ते त्याला दिसले नाहीत. तिनं ते उचलून त्याच्या हातावर ठेवले. शेंगदाण्याची चटणी, गरम कोवळी ज्वारी, तोंडात उतरणारं गोड दूध. मला अजूनही हुरड्याचा वास आला की त्या दोन दाण्यांची आठवण होते, आणि खाणं नको होतं.

मी वाट पुन्हा नोंदवली. आठवड्यानं तिथं कुणीतरी पाइप टाकायला चारी खणली. पुन्हा नोंदवली. मग बांध फोडला. माझ्या वहीत ‘वाट १’, ‘वाट २’, ‘वाट ३’ अशी नावं आहेत, ‘वाट ६’पर्यंत. नोंदवून घरी येईपर्यंत वाट जुनी होत होती. आणि त्याच दिवसांत मोहन चहाचा कप ठेवताना टेबलाची कड आधी बोटानं चाचपू लागला होता. तो कप माझ्या लक्षात आला होता. त्याची नोंद मी कुठं केली नाही.

मायाप्पांचा मुक्काम हलायच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांना भेटायला गेलो. मंगळवेढ्याकडं निघाले होते, तिकडची रानं आधी मोकळी होतात. मी माझी अडचण सांगितली. त्यांनी मोहनकडं बघितलं आणि झोळीतून एक पितळेची घाटी काढली. बकऱ्याच्या गळ्यात बांधतात ती, मुठीएवढी घंटा.

“म्होरल्या सायकलीला बांधा. पोरगं आवाजामागं ईल. डोळं कशाला लागत्यात?”

मोहननं ती कानाशी धरून हलवली. “आवाज चांगलाय.”

“आमच्या समद्या घाट्यांचा आवाज एकच हाय. एकाच कारागिराकडनं घेतो, वाजवून वाजवून. कळपाचा आवाज दोन न्हाय चालत. एकच असला की चुकलेलं मेंढरू बराबर माघारी येतं.”

हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहिलं. घाटीच्या पानावर, ‘फायदे’ या रकान्यात.

वाटेत मोहन म्हणाला, “म्हणजे मी मेंढरूच की, ताई.” मग म्हणाला, “एकट्यानं जायचं राहिलं.”

मी म्हटलं, “राहिलं नाही. आधी ह्या पद्धतीनं सराव होऊ दे.” सराव! जे काही हातातून जातंय त्याला मी सराव म्हणत होते.

चार रविवार आम्ही घाटीवर चाललो. मी पुढं, दांड्याला बांधलेली घाटी ठण् ठण् वाजतीय, मागं मोहन. घड्याळ त्याच्या मनगटावर होतंच, डावीकडच्या वळणांसाठी. चोवीस मागांतून एक माग ओळखणारा कान. त्याला एक घाटी म्हणजे काहीच नव्हतं. पहिल्या रविवारी मी दर दहा पावलांनी मागं वळून बघत होते. मोहन ओरडला, “ताई, मागं बघू नकोस, तू वळलीस की घाटी अडखळते!” म्हणून मी मागं बघणं सोडलं. चौथ्या रविवारी तर मी अगदी निवांत होते. ज्वारी निघाली होती, रान मोकळं झालं होतं, जागोजागी पेंढ्या उभ्या होत्या, ऊन समोरून येत होतं आणि मी सायकल चालवत मनात पुढच्या आठवड्याच्या गाड्या लावत होते.

मोबाइल वाजला. निरोप होता : तुमच्या माणसाचा अपघात झालेला असू शकतो.

सहावी गरज. माझ्याच तक्त्यातली.

मी वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. वाट होती, ऊन होतं, आणि लांब डावीकडं, मोकळ्या झालेल्या रानात, धुळीचा एक लोट होता. त्या लोटातून घाट्यांचा आवाज येत होता. दहा-बारा घाट्यांचा, अगदी माझ्या घाटीसारखा.

मायाप्पा परत आले होते. कापणी झाली की शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात, खतासाठी. त्यांचं रान ठरलेलं होतं, आमच्या फेरीच्या बरोबर मधोमध. मला ते कुणीतरी आधी सांगितलं असतं तर मी लिहून ठेवलं असतं. पण मी विचारलंच नव्हतं.

मोहन त्या पाइपाच्या चारीत पडला होता. मी पोचले तेव्हा मायाप्पा त्याला धरून बसवत होते. उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं, ते नंतर कळलं. भोवती मेंढरं उभी होती, त्याच्या गुडघ्याला नाकं लावत. तो धुळीनं पांढरा झाला होता आणि हसत होता. तसं हसू मी पुन्हा बघितलं नाही, आणि बघायची इच्छाही नाही.

“ताई,” तो म्हणाला, “सगळ्यांच्या गळ्यात तूच वाजत होतीस गं.”

मायाप्पा कपाळाला हात लावून म्हणत होते, “म्या सांगितलं व्हतं न्हवं, बाई? म्या सांगितलं व्हतं.” सांगितलं होतं. माझ्या वहीत होतं. कळपाच्या आवाजाकडं चुकलेलं परत येतं. मोहन बरोबर तसाच आला होता, घाटी ज्यासाठी घडवली होती त्याच कामाला.

नंतर त्यानं सांगितलं ते असं. घाटी डावीकडून आली असं वाटलं, म्हणून तो लिंबाच्या आधीच डावीकडं वळला. मनगट थरथरलं. घड्याळ त्याला सांगत होतं, चुकलास. पण आमच्या फेरीत थरथर म्हणजे डावीकडं वळ. तो आणखी डावीकडं वळला. पुन्हा थरथरलं. पुन्हा डावीकडं. उजवीकडं वळायचं आम्ही त्याला शिकवलंच नव्हतं.

परतताना मायाप्पांचा भाचा त्याची सायकल घेऊन मागून आला. मी मोहनला डाव्या अंगानं आधार दिला आणि दुसऱ्या हातानं त्याच्या मनगटावरचं बटण दाबलं. परतीचा बाण उमटला. काळा, स्वच्छ, उन्हात नीट दिसणारा. घराकडं रोखलेला. रस्ता मला डोळे मिटूनही माहीत होता, तरी मी त्या बाणाकडं बघत चालले, कारण मोहनच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. गेटपाशी आल्यावर घड्याळ आनंदानं वाजलं. पोचलात, म्हणालं.

खांदा पावसाळ्याआधी बरा झाला. डोळे त्याआधीच आणखी आत मिटले होते. मोहननं कारखाना सोडला. कुणी सोडायला लावला नाही, पण एकदा तो बिघडलेल्या मागाकडं सरळ चालत गेला आणि मध्ये ठेवलेल्या सुताच्या गाठीवर पडला. माग बरोबर ओळखला होता. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यानं हत्यारांची पेटी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाला, “ह्याची यादी कर. ज्याला जे लागेल ते दे.” मी यादी केली. अडतीस वस्तू होत्या.

घड्याळ मात्र आहे. मी ते पंधरा दिवसांनी चार्ज करते. का, ते विचारू नये. त्यात शेवटची फेरी अजून आहे. मोबाइलवर लावली की एक रेघ दिसते, गोल वळसा घालत निघालेली. लिंबाच्या अलीकडं ती वाट सोडते आणि आत वळते, पुन्हा आत वळते, गोगलगाईच्या शंखासारखी, आणि चारीपाशी संपते. त्या रेघेवर मी फार वेळा बोट फिरवलं आहे. सुरुवातीला मी त्यात माझी चूक शोधत होते. ती सापडायला वेळ लागला नाही. पण एक दिवस दुसरंच लक्षात आलं आणि मी मोबाइल पालथा ठेवला.

वाट सोडल्यापासून चारीपर्यंत त्याच्या पुढं मी नव्हते. मागंही नव्हते. मी बघतही नव्हते. त्याला हवी होती ती एकट्याची फेरी ती हीच. झाली होती. आणि ती होत असताना त्याला वाटत होतं की मी पुढं आहे.

हे मी त्याला कधी सांगितलं नाही. अंतर मोजून ठेवलं, कारण मोजल्याशिवाय मला राहवत नाही. मोहननंही तीन वर्षं काही विचारलं नाही. तो रेडिओ ऐकतो, दोरीवरचे कपडे घड्या करतो, टॉवेल हाताला लागला की सांगतो, हा आपल्या शेडचा नाही. सायकल गच्चीच्या जिन्याखाली आहे. चाकांतली हवा गेली, मी भरली नाही. डॉक्टरीणबाईंकडं वर्षातून एकदा जातो. त्या आता गोल काढत नाहीत.

आज सकाळी मेंढरं घरापुढून गेली. दरवर्षी एकदा जातात, माळाकडं. मायाप्पा नाहीत आता बरोबर, त्यांचा भाचा असतो. मोहन गेटाशी उभा होता. घाट्या लांबून यायला लागल्या तशी त्याची मान त्या बाजूला वळली, मेंढरं समोरून जाताना समोर आली आणि आवाजाबरोबर डावीकडं गेली. धूळ बसली तरी तो तसाच उभा होता. मी दोरीवरचे कपडे काढत होते.

“ताई.”

“काय रे?”

“त्या दिवशी मी एकटा किती गेलो होतो?”

माझ्या हातात टॉवेल होता. मला वाटलं, त्याला कधीपासून माहीत आहे? मला वाटलं, वाढवून सांगावं. दोन किलोमीटर म्हणावं, तीन म्हणावं. तो कुठं तपासायला जाणार आहे. पण आकड्याच्या बाबतीत मी आजवर त्याच्याशी खोटं बोलले नव्हते. तीन फेऱ्यांची अट घातली होती तेवढी.

“सहाशे चाळीस मीटर,” मी म्हटलं.

त्याचे ओठ हलले, मनात कुठंतरी तेवढं अंतर तो चालवून बघत असावा, लिंबाच्या अलीकडून, धुळीतून, घाट्यांमागून.

“बरंच आहे की,” म्हणाला.

मग वळला आणि आत गेला. खोलीतून मोरीकडं जाताना त्याचा उजवा हात भिंतीला लागला आणि तसाच घसरत गेला. मी टॉवेल खांद्यावर टाकून त्याच्यामागं आत आले आणि भिंतीपाशी थांबले. तीन हात रंगावर पुन्हा एक रेघ उमटायला लागली आहे. अण्णांच्या रेघेपेक्षा चार बोटं वर. मोहन उंच आहे.